उपद्रवी रॅकून : सापळे, हत्या आणि नीती

रॅकून (शास्त्रीय नाव प्रोसायन लोटर) हा मूळचा उत्तर अमेरिकेतला निशाचर, सर्वभक्षी प्राणी. जंगले तुटली तरी त्याचे फारसे बिघडले नाही. शहरांत उलट त्याची भरभराट झाली. कचरापेट्या उचकणे, पोटमाळ्यात विणे, खुराड्यातल्या कोंबड्या मारणे आणि दाणे दुधात आलेला मका आडवा करणे या त्याच्याविरुद्धच्या नेहमीच्या तक्रारी. त्याच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे तक्रार केवळ नासधुशीची उरत नाही. अशा रॅकूनला पकडावे का, मारावे का आणि मारायचेच तर कसे, हा वाद अमेरिका व कॅनडात जुना आहे.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या १९९७च्या वन्यजीव कायद्याने मालमत्तेचे नुकसान करणाऱ्या रॅकूनला हुसकावण्याची, पकडण्याची किंवा मारण्याची मुभा घरमालकाला दिली आहे. अट एवढीच की त्याला विनाकारण यातना होता कामा नयेत. जिवंत पकडलेला रॅकून २४ तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच सोडावा लागतो. बहुतेकांना हा नियम विचित्र वाटतो. लांबच्या रानात नेऊन सोडला की आपल्या हातून हत्याही नाही आणि कटकटही गेली, असा सरळ हिशेब असतो. पण अनोळखी मुलखात त्या प्राण्याला बीळ ठाऊक नसते, अन्न ठाऊक नसते आणि तिथले रॅकून त्याला सहजी थारा देत नाहीत. त्याचे पुढे काय झाले हे सोडणाऱ्याला कधीच कळत नाही. या ‘दये’ची सोय प्राण्यापेक्षा माणसालाच अधिक असते. दुसरे कारण रेबीजचे. १९७०च्या दशकात शिकारीसाठी आग्नेय अमेरिकेतून रॅकून आणून व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमाभागात सोडले गेले. त्यांच्याबरोबर रॅकूनमधला रेबीजही आला, असे मानले जाते. पुढे तो पूर्व किनारपट्टीभर पसरला आणि १९९९मध्ये ऑन्टारिओत पोचला.

मारण्याच्या पद्धतींत टोकाचा फरक आहे. पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणे ही ग्रामीण भागातली जुनी, फुकटची रीत; अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने ती अमानुष ठरवली आहे. युरोपीय संघ, कॅनडा व रशिया यांच्या सापळेविषयक करारात रॅकूनचा समावेश आहे. त्यानुसार मारक सापळ्याच्या चाचणीत किमान ८० टक्के प्राणी ३०० सेकंदांत बेशुद्ध व्हावे लागतात. पाच मिनिटे! ‘दयाळू’ म्हणवणाऱ्या मापदंडाची ही मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जिवंत पकडणारा पिंजराही निरुपद्रवी नव्हे : सुटण्याच्या धडपडीत रॅकून तारांवर दात मोडून घेतो, पंजे सोलून घेतो, आणि पिंजरा वेळेवर पाहिला नाही तर उन्हातान्हात तसाच अडकून राहतो.

सर्वांत वाईट चूक वसंतात होते. पोटमाळ्यातली मादी पकडून नेली की छताच्या उष्णतारोधक थरात दडलेली तिची तीन-चार पिल्ले उपाशी मरतात. घरमालकाला ते कळते दुर्गंधीने. म्हणून जाणकार आधी पिल्ले शोधतात, ती बाहेर उबेच्या खोक्यात ठेवतात आणि भोकावर एकाच दिशेने उघडणारे दार बसवतात. मादी बाहेर पडते, एकेक पिल्लू मानेला धरून दुसऱ्या बिळात हलवते. मग भोक बुजवायचे.

तत्त्वज्ञांपैकी पीटर सिंगर वेदनेचा हिशेब मांडतात, टॉम रीगन प्राण्याच्या स्वतःच्या हक्काचा. स्यू डोनाल्डसन व विल किमलिका या कॅनडातील विचारवंतांची मांडणी रॅकूनला अधिक लागू पडते : पाळीव नव्हेत आणि रानटीही नव्हेत असे हे प्राणी शहराचे रहिवासीच आहेत, त्यांना नागरिकाचे हक्क नसले तरी हाकलून देण्याचा वा मारण्याचा अधिकारही आपल्याला नाही. हे तत्त्व भरल्या पोटी सोपे आहे. महाराष्ट्रात रॅकून नाही, पण रानडुकराने रात्रीत शेत उद्ध्वस्त केलेल्या शेतकऱ्याला ते पटवणे कठीण. ऑन्टारिओतल्या टोरोंटो शहरात बहुधा प्रश्न कचऱ्याचा आणि हिरवळीचा असतो.

जर्मनीत वाद वेगळ्या पायावर उभा आहे. तेथे १९३४मध्ये एडरझे सरोवराजवळ दोन जोड्या सोडल्या गेल्या. आज रॅकून युरोपीय संघाच्या आक्रमक परकीय प्रजातींच्या यादीत आहे आणि स्थानिक पक्षी व उभयचर वाचवण्यासाठी त्याच्या शिकारीचे समर्थन केले जाते. अलीकडे तेथे वर्षाला सुमारे दोन लाख रॅकून मारले जातात, तरी प्रसार थांबलेला नाही. रिकामी झालेली जागा शेजारचे तरुण रॅकून भरून काढतात. हत्येविरुद्धचा हा आक्षेप भूतदयेचा नसून निव्वळ व्यवहाराचा आहे, आणि तोच अधिक वजनदार वाटतो.

टोरोंटोने २०१६पासून ओल्या कचऱ्यासाठी फिरत्या कडीच्या पेट्या वाटल्या. खर्च सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर. काही रॅकूननी पेटी आडवी पाडून तीही उघडली. रेबीजबाबत ऑन्टारिओ प्रांताचे धोरण मात्र स्पष्ट बदलले : १९९९मध्ये बाधित जागेभोवतीचे रॅकून पकडून मारले गेले व त्याबाहेरच्यांना लस टोचून सोडले, २०१५च्या डिसेंबरात हॅमिल्टनला रोग पुन्हा आढळला तेव्हा मुख्य भर लस भरलेली आमिषे टाकण्यावर होता, शहरात हाताने आणि मोकळ्या रानात विमान-हेलिकॉप्टरमधून.