सीईटी पुन्हा द्यायची की पीयूसीचे गुण वाढवायचे? सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी हिशेब आणि कागदपत्रे

कर्नाटकात इंजिनिअरिंगची रँक नुसत्या सीईटीवर लागत नाही. केईए (कर्नाटकातले परीक्षा प्राधिकरण) निम्मा भार सीईटी या प्रवेश परीक्षेला देते आणि निम्मा सेकंड पीयूसीच्या, म्हणजे बारावीच्या, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला. त्यामुळे एक वर्ष थांबायचे का, हे ठरवण्याआधी आपली कुठली बाजू लंगडी आहे ते पाहावे.

सीईटी 180 गुणांची, पीयूसीचे हे तीन विषय मिळून 300 चे. म्हणजे सीईटीतला एक बरोबर प्रश्न एकूण टक्केवारीत 0.28 ची भर घालतो, पीयूसीचा एक गुण 0.17 ची. समजा पीयूसीत 276 (92 टक्के) आणि सीईटीत 72 (40 टक्के) आहेत, एकत्रित 66. इथे पीयूसीचे उरलेले 24 गुण सगळे मिळाले तरी फक्त 4 वाढतात. तेवढेच सीईटीत 15 प्रश्न जास्त बरोबर आले की मिळून जातात. उलट पीयूसी 198 आणि सीईटी 90 असेल, तर एकत्रित 58 होते. अशा मुलाने पीयूसीत 36 गुण वाढवले तर थेट 64. तेवढ्यासाठी सीईटीत आणखी 22 प्रश्न सोडवावे लागतील, आणि त्या परीक्षेत वेळ किती कमी पडतो ते दिलेल्यालाच ठाऊक: प्रत्येक विषयाला 60 प्रश्न, 80 मिनिटे. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

पीयूसीचे गुण वाढवायला वर्ष घालवायची गरज नाही. 2024 पासून बोर्ड एका वर्षात एकापेक्षा जास्त वेळा परीक्षा घेते (परीक्षा 1, परीक्षा 2 अशी). पास झालेल्यालाही विषय निवडून पुन्हा बसता येते आणि जास्तीचे गुण धरले जातात. अर्ज कॉलेजमार्फत करायचा, निकालानंतर मुदत थोडीच असते. फिजिक्स, केमिस्ट्रीचा लेखी पेपर 70 चा आणि मॅथ्सचा 80 चा आहे, तेव्हा वाढीचा अंदाज त्यातच बांधावा. परीक्षा 2 चे गुण रँकमध्ये धरण्याबद्दल केईएची सूचना निघते. ती न पाहता बसलेल्यांचे गुण वाढतात आणि रँक मात्र जुन्याच गुणांवर राहते.

सीईटीचा स्कोअर मात्र त्याच वर्षापुरता असतो. पुढच्या वर्षी नवा अर्ज भरून नव्याने परीक्षा द्यावी लागते. मेडिकलला हा हिशेबच लागू नाही. तिथे क्रम नीट या देशपातळीवरच्या परीक्षेवरच लागतो.

महाराष्ट्राचाही विचार असेल तर सीमाभागातल्या, महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या 865 गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळा उमेदवारी प्रकार आहे. शिक्षण त्या भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेत झालेले हवे. गावाचा आणि मातृभाषेचा असे दोन्ही दाखले माहितीपत्रकातल्याच नमुन्यात घ्यावेत, साध्या लेटरहेडवरचा चालेल असे गृहीत धरू नये. तिथल्या सीईटीत पीयूसीचे गुण मिसळले जात नाहीत, ते पात्रतेपुरतेच. पेपर 200 चा, त्यातले 100 गुण एकट्या मॅथ्सचे. मॅथ्स पक्के असलेल्या मुलाला हा रस्ता सोपा जातो. अभ्यासक्रम मात्र महाराष्ट्र बोर्डाचा, एनसीईआरटीच्या पुस्तकांवरच विसंबू नये.

केईएसाठी सर्वसाधारण अट अशी: पहिली ते बारावीत किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण, आणि दहावी किंवा बारावी कर्नाटकातून पास. चंदगड किंवा गडहिंग्लजला अकरावी-बारावी केलेल्या बेळगाव-खानापूरच्या मुलांची दहावी इथली असेल तर काळजी नाही. पण वर्षनिहाय शिक्षणाचा दाखला तयार ठेवावा. ग्रामीण आरक्षणाला पहिली ते दहावीची दहाही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत हवीत, आठवीला शहरात आले की दावा संपला. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी कन्नड माध्यमाच्या रकान्यात चुकूनही खूण करू नये. मराठा समाज कर्नाटकात 3-बी या मागास प्रवर्गात येतो. त्याचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढावा आणि त्यावरचा आरडी नंबर अर्जात भरावा.

सगळ्यात जास्त अडते ते नावावर. दाखल्यावर नाव कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, दहावीच्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी. दाखला काढतानाच कारकुनासमोर मार्क्स कार्ड ठेवावे आणि स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नंतर दुरुस्तीला नाडकचेरीच्या चकरा सुरू होतात, आणि नेमकी तेव्हाच कागदपत्र तपासणीची तारीख येऊन ठेपलेली असते.