फार्मर्स मार्केट (अमेरिका)

शेतकऱ्यांनी आपला माल मधल्या व्यापाऱ्याला वगळून थेट गिऱ्हाइकाला विकावा यासाठी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, बहुधा शहराच्या मध्यभागात भरणारा बाजार. आठवड्यातून एक-दोनदा, बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळी, डाउनटाउनमधला एखादा रस्ता, चौक किंवा पार्किंगची जागा वाहनांना बंद करून तो मांडला जातो आणि दुपारपर्यंत उठतो. भाज्या, फळे, फुले, अंडी, मध, चीज आणि मांस हा मुख्य माल; जोडीला घरचा पाव, जॅम, लोणची आणि साबण, मेणबत्त्या, मातीची भांडी, लोकरीचे कपडे अशा हाताने केलेल्या वस्तू. टेबलामागे उभा असलेला माणूस माल पिकवणारा किंवा बनवणारा, निदान त्याच्या घरचा किंवा त्याच्या शेतावर राबणारा असला पाहिजे, ही अट म्हणजे या बाजाराचा कणा. ताजेपणा, चव आणि भाव यांची चर्चा फार होते, पण ही अट ढिली झाली की बाकी सारे केवळ मंडपाखालचे दुकान उरते.

शहरातले शेतमालाचे बाजार अमेरिकेत वसाहतकाळापासून आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावचा सेंट्रल मार्केट अठराव्या शतकापासूनच्या बाजाराच्या जागी, १८८९ मध्ये बांधलेल्या विटांच्या इमारतीत अजून भरतो. सिएटलचा पाइक प्लेस मार्केट मात्र थेट महागाईतून जन्मला. दलाल शेतकऱ्याच्या हातावर चार पैसे टेकवतात आणि गिऱ्हाइकाकडून मन मानेल तो भाव उकळतात, कांदा तर हात लावू देत नाही, अशी ओरड झाल्यावर नगरपरिषदेचे सदस्य टॉमस रेव्हेल यांनी रस्त्यावरच्या थेट विक्रीसाठी जागा मिळवून दिली. १७ ऑगस्ट १९०७ रोजी मोजक्याच शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या, लोकांची झुंबड उडाली आणि गाड्या बघता बघता रिकाम्या झाल्या. पुढे येथल्या विक्रेत्यांत जपानी वंशाच्या शेतकऱ्यांचा फार मोठा वाटा झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारने त्यांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबले आणि बाजाराच्या रांगाच्या रांगा ओस पडल्या. या बाजाराच्या इतिहासात हा भाग बऱ्याचदा एका वाक्यात उरकला जातो. खरे तर युद्धानंतर बाजार खचण्याच्या कारणांत याला पहिल्या ओळीत जागा द्यायला हवी. साठच्या दशकात बाजार पाडून तिथे नव्या इमारती उभारण्याचा बेत शिजला, तेव्हा वास्तुविशारद व्हिक्टर स्टाइनब्रुक यांच्या पुढाकाराने मोहीम झाली आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये सिएटलच्या मतदारांनी बाजार राखण्याच्या बाजूने कौल दिला.

बाकी देशात तोवर सुपरमार्केटचे राज्य आले होते. महामार्ग आणि शीतगृहवाले ट्रक यांच्या जोरावर दूरच्या राज्यातला माल वर्षभर मिळू लागला, आणि टिकाऊपणा व एकसारखा आकार हेच वाणाचे गुण ठरले. कॅलिफोर्नियात तर फळे-भाज्या ठरावीक आकाराच्या, ठरावीक पद्धतीने भरलेल्या खोक्यांतच विकायला पाठवाव्यात असा नियम होता. चवीला उत्तम पण आकाराने लहान किंवा झाडावर पूर्ण पिकलेले पीच या नियमात बसत नसे. ते शेतातच पडून राही. १९७७ मध्ये राज्याने प्रमाणित फार्मर्स मार्केटमधल्या थेट विक्रीला या नियमातून सूट दिली, आणि तिथल्या बाजारांना खरी वाट मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी, १९७६ मध्ये, केंद्र सरकारने शेतकरी ते ग्राहक थेट विक्रीला उत्तेजन देणारा कायदा केला होता.

सध्याची लाट त्याच दशकातली. विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनचा डेन काउंटी फार्मर्स मार्केट १९७२ मध्ये सुरू झाला. न्यू यॉर्कमध्ये वास्तुविशारद बॅरी बेनेपी आणि त्यांचे सहकारी बॉब लुईस यांनी जुलै १९७६ मध्ये मॅनहॅटनच्या ५९व्या रस्त्यावर पहिला ‘ग्रीनमार्केट’ भरवला. आसपासची शेते बिल्डरांच्या घशात जात आहेत आणि शहराला मात्र चांगली भाजी मिळत नाही, या दोन्ही दुखण्यांवर त्यांना एकच औषध सुचले होते. त्याच वर्षी बाजार युनियन स्क्वेअरला गेला. तो चौक तेव्हा गर्दुल्ल्यांचा अड्डा म्हणून ओळखला जाई. आज तिथे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असा चार दिवस बाजार असतो. लॉस एंजेलिसजवळच्या सँटा मोनिकाचा बाजार १९८१ चा. त्याच्या बुधवारच्या बाजाराला हॉटेलांचे शेफ भल्या सकाळी हातगाड्या घेऊन येतात. केंद्रीय कृषी खात्याने १९९४ मध्ये देशभरात १,७५५ बाजारांची नोंद केली होती. २०१४ मध्ये हा आकडा ८,२६८ झाला. नाव सारखे म्हणून गल्लत होऊ नये: लॉस एंजेलिसमधला, १९३४ मध्ये सुरू झालेला ‘ओरिजिनल फार्मर्स मार्केट’ हे आता कायमची दुकाने आणि खाण्याच्या टपऱ्या असलेले पर्यटनस्थळ आहे.

‘स्वतः पिकवलेलेच विकायचे’ ही अट पाळली जाते की नाही हे पाहण्याची पद्धत राज्यागणिक बदलते. कॅलिफोर्नियात काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कृषी अधिकारी शेताची पाहणी करून शेतकऱ्याला प्रमाणपत्र देतो. त्यावर कोणते पीक किती क्षेत्रावर आहे हे लिहिलेले असते आणि बाजारात ते स्टॉलवर दिसेल असे लावावे लागते. प्रमाणपत्रात द्राक्षे नाहीत आणि टेबलावर द्राक्षांची पेटी आहे, तर काहीतरी काळेबेरे आहे हे सामान्य गिऱ्हाइकालाही कळते. ठोक बाजारातून पेट्या उचलायच्या, स्टिकर काढायचे आणि ‘आमच्या शेतातले’ म्हणून विकायचे, हे प्रकार तरीही झाले. त्यावर २०१४ मध्ये राज्याने कायदा कडक केला आणि ‘आम्ही विकतो ते आम्हीच पिकवतो’ अशा अर्थाची पाटी स्टॉलवर लावणे बंधनकारक केले. इतर अनेक राज्यांत सरकारी प्रमाणपत्र नसते. बाजाराची समिती किंवा व्यवस्थापक स्वतः शेतावर जाऊन पाहून येतो. काही बाजार फेरविक्रीला उघड परवानगीही देतात. तिथे मे महिन्यात केळी आणि लिंबांचे ढीग दिसतात, आणि थंड प्रदेशातल्या गावी केळी कुठून आली हे विचारायची गरज उरत नाही.

‘ऑरगॅनिक’ या पाटीचेही नियम आहेत. २००२ पासून हा शब्द वापरायला केंद्रीय प्रमाणन लागते. वर्षाला ५,००० डॉलर किंवा त्याहून कमी ऑरगॅनिक विक्री असलेल्या छोट्या उत्पादकाला प्रमाणनातून सूट आहे, पण कृषी खात्याचा शिक्का त्याला लावता येत नाही आणि लागवडीचे नियम मात्र पाळावेच लागतात. ‘फवारणी नाही’, ‘नैसर्गिक’ अशा हाताने लिहिलेल्या पाट्यांना तसा आधार नसतो. त्या खोट्या असतात असे नव्हे. पण तिथे पाटी वाचण्यापेक्षा माणसाला विचारणे बरे. किडीसाठी काय करता, हे पीक कोणत्या वाणाचे, आज तोडले की परवा, या प्रश्नांना पिकवणारा भरभरून उत्तर देतो. नुसता विकणारा ‘एकदम फ्रेश आहे’ म्हणून वेळ मारून नेतो.

बाजाराचा दिवस पहाटे ट्रक लागण्यापासून सुरू होतो. मंडप, घडीची टेबले, क्रेट, आणि वजनमाप खात्याचा शिक्का असलेला काटा. काही बाजारांत घंटा वाजल्याशिवाय विक्री सुरू करता येत नाही. मांडामांड चालू असतानाच ओळखीच्या गिऱ्हाइकांनी चांगला माल उचलून नेऊ नये हा हेतू. मॅडिसनमध्ये स्टॉल विधिमंडळाच्या इमारतीभोवतीच्या चौकात चारी बाजूंनी लागतात आणि गर्दी घड्याळाच्या उलट्या दिशेने सरकते, म्हणजे आपल्याकडच्या प्रदक्षिणेच्या नेमकी उलट. प्रवाहाविरुद्ध चालणाऱ्याला कोणी रागावत नाही, पण दहा वाजता तसे चालून दाखवणे अवघड. चीजचे ताजे तुकडे, ज्यांना ‘कर्ड्‌स’ म्हणतात, तिथली खासियत. ताजे असले तर दाताखाली चक्क चुईंचुईं आवाज करतात, आणि दोन-चार दिवसांत तो आवाज जातो.

खरेदीत हंगामाला पर्याय नाही. उत्तरेकडच्या राज्यांत उघड्यावरचा बाजार साधारण मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर चालतो: आधी ॲस्परॅगस, रूबार्ब आणि पालेभाज्या, जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलै-ऑगस्टला मका, टोमॅटो, पीच, मग सफरचंदे आणि भोपळे. कॅलिफोर्नियात बारा महिने बाजार असतो. माल पौंडावर (सुमारे ४५४ ग्रॅम), जुडीवर किंवा पाइंट-क्वार्ट या अमेरिकी मापांच्या पुठ्ठ्याच्या टोपल्यांत विकला जातो; टोपलीतला माल वजनावर नव्हे, मापावर असतो हे नवख्याने ध्यानात घ्यावे.

मक्याची जुनी वाणे तोडल्याबरोबर गोडी गमावू लागतात, कारण दाण्यातल्या साखरेचे स्टार्च होते आणि उष्णतेने हे आणखी लवकर घडते. म्हणून सकाळी तोडलेले कणीस त्याच रात्री खावे. नवी अतिगोड वाणे जास्त टिकतात. कणसाची पाने सोलून दाणे पाहण्याची सवय विक्रेत्यांना अजिबात आवडत नाही, कारण सोललेले कणीस सुकते आणि पुढचा गिऱ्हाईक ते घेत नाही. बोटांनी वरून चाचपून टोकापर्यंत दाणे भरलेत का ते कळते. टोमॅटोत ‘ब्रँडीवाइन’, ‘चेरोकी पर्पल’ यांसारखी जुनी वाणे या बाजारांनीच पुन्हा लोकांपुढे आणली. त्यांची साल इतकी नाजूक की लांबच्या प्रवासात ती तडकतात. दुकानातला टोमॅटो बऱ्याचदा हिरवा तोडून इथिलीन वायूने लाल केलेला असतो. बाजारातला वेलीवर रंग धरलेला असतो, मग भले त्याच्या खांद्यावर भेगा असोत. घरी आणल्यावर तो फ्रिजमध्ये ठेवला तर चव गेलीच. गाजरांचा पाला ताजेपणाची खूण आहे, पण तो गाजरातले पाणी ओढतो, म्हणून घरी येताच पिरगळून काढावा. डागी, ओबडधोबड माल ‘सेकंड्‌स’ म्हणून वेगळ्या खोक्यात स्वस्त मिळतो. सॉस किंवा जॅम करणाऱ्याने आधी तिकडे बघावे.

घासाघीस इथे सहसा चालत नाही. बाजार उठायच्या वेळी पेटीभर माल घेणाऱ्याला भाव कमी मिळू शकतो, पण पाटीवरच्या भावात दोन टोमॅटोंसाठी हुज्जत घातली तर समोरचा गोंधळतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मात्र वर एखादी कोथिंबिरीची जुडी मिळून जाते. कोथिंबिरीवरून आठवले: मिनेसोटातल्या सेंट पॉलच्या बाजारात हमोंग शेतकऱ्यांचे स्टॉल मोठ्या संख्येने आहेत. हा समाज १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आला. त्यांच्या टेबलांवर कारली, चवळीच्या लांब शेंगा, गवती चहा आणि तिखट मिरच्या असतात. भारतीय स्वयंपाकघराची सोय गावातल्या सुपरमार्केटपेक्षा तिथे अधिक होते.

हातच्या वस्तूंचे स्थान बाजारागणिक वेगळे. ‘करणारा तोच विकणारा’ हा नियम इथेही असतो. ओरेगनमधल्या युजीन शहराचा, १९७० पासून चालणारा सॅटर्डे मार्केट याच तत्त्वावर उभा राहिला आणि पोर्टलंडने १९७४ मध्ये त्याचे अनुकरण केले. पाइक प्लेसमध्ये दिवसापुरत्या टेबलांचे वाटप रोज सकाळी हजेरी घेऊन होते. अनेक बाजार कारागिरांची वस्तू आधी निवड समितीपुढे मागवतात आणि त्यांच्या स्टॉलची संख्या मर्यादित ठेवतात, कारण दागिने आणि टी-शर्टांच्या रांगा वाढल्या की भाजी घ्यायला येणारे कमी होतात. ही काळजी रास्त आहे. शेताशी नाते सांगणारी वस्तू इथे शोभते: स्वतःच्या मेंढ्यांची सूत काढलेली लोकर, मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या, शेळीच्या दुधाचा साबण. अस्सल वस्तू ओळखायची तर एकाच नमुन्याचे दोन नग शेजारी ठेवून पाहावेत. हाताने घडवलेल्या दोन कपांच्या कडा, कानाची जोडणी आणि खालचा भाग कधी तंतोतंत जुळत नाहीत. घरगुती खाद्यपदार्थांसाठी राज्यांचे वेगळे कायदे आहेत. कॅलिफोर्नियाचा २०१२ मध्ये मंजूर झालेला कायदा २०१३ पासून लागू आहे. त्याखाली जॅम, पाव, बिस्किटे असे फ्रिजशिवाय टिकणारे पदार्थ घरी करून विकता येतात, पण लेबलवर ‘घरगुती स्वयंपाकघरात तयार केलेले’ असे छापावे लागते.

भर रस्त्यात बाजार भरवण्यात धोकाही असतो. १६ जुलै २००३ रोजी सँटा मोनिकाच्या बाजारात एका वृद्ध चालकाची मोटार घुसून १० जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर नुसत्या लाकडी आडकाठ्यांवर भागवण्याऐवजी मजबूत अडथळे लावण्याकडे शहरे लक्ष देऊ लागली.

हा बाजार खिशात पैसे असलेल्यांचा, अशी टीका जुनीच आहे आणि तिच्यात तथ्य आहे. ऐन हंगामात भाजी दुकानाच्या भावात मिळते, पण अंडी, मांस आणि चीज बहुधा महागच पडते. सरकारी अन्नसाहाय्याची कागदी कूपने जाऊन २००४ पर्यंत देशभर कार्ड आले, तेव्हा तर गरीब गिऱ्हाईक आणखी तुटले, कारण उघड्यावरच्या स्टॉलवर ना वीज ना फोनची तार. यावर बाजारांनी तोडगा काढला तो टोकनचा. व्यवस्थापकाच्या टेबलावर एकच यंत्र. तिथे कार्ड चालवायचे, लाकडी किंवा प्लास्टिकची टोकन घ्यायची आणि ती कोणत्याही पात्र स्टॉलवर द्यायची. २००९ मध्ये डेट्रॉइटमध्ये सुरू झालेल्या ‘डबल अप फूड बक्स’ योजनेत अशा खरेदीवर फळे-भाज्यांसाठी तेवढीच रक्कम वर मिळू लागली, आणि पुढे अनेक राज्यांनी ती उचलली. या टोकनवर रोख सुटे परत मिळत नाहीत. त्यांवर गरम जेवण, फुले किंवा साबण घेता येत नाही. खाण्याजोगे पीक देणारे बी आणि रोप मात्र घेता येते.