लिंबाने ‘शिजलेली’ कोळंबी

मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतात ‘आग्वाचिले’ नावाचा पदार्थ करतात. कच्ची कोळंबी सोलून, पाठीतून उभी चिरून ताटलीत पसरायची आणि वर मीठ आणि वाटलेली तिखटजाळ मिरची घातलेला लिंबाचा रस ओतायचा. सोबत काकडी, कांदा. चूल पेटवायची नाही. तरीही करड्या, काचेसारख्या कोळंबीचा रंग बघता बघता पालटतो. मांस पांढरं होतं, त्यावर गुलाबी छटा येते, बोटाला ते घट्ट लागतं. लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशांचं पेरूचं प्रसिद्ध ‘सेविचे’ याच घराण्यातलं.

आणि एका अर्थी कोळंबी खरंच शिजलेली असते. स्नायूंतली प्रथिनं म्हणजे ठरावीक घड्या घातलेल्या लांब साखळ्या. उष्णतेने घड्या उलगडतात, मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि दाट जाळं तयार होतं. त्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून मांस अपारदर्शक दिसतं. लिंबाच्या रसाचा सामू (pH; आकडा जितका लहान, तितकं आम्ल जास्त) 2 ते 2.5 असतो, ताज्या कोळंबीचा 7 च्या आसपास. एवढं आम्ल आत शिरलं की प्रथिनांवरचे विद्युतभार बदलतात आणि घड्या विस्कटतात. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं, त्यातलाच हा प्रकार. गुलाबी रंगाची गंमत वेगळी. अ‍ॅस्टाझँथिन हे रंगद्रव्य मुळात केशरी-लाल. पण जिवंत कोळंबीत ते एका प्रथिनाच्या मिठीत असतं आणि त्यामुळे निळसर-करडं दिसतं. प्रथिन विस्कटलं की मिठी सुटते.

मात्र आम्ल आत झिरपतं ते फार सावकाश. दुप्पट खोल जायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणजे पाच-दहा मिनिटांत वाढलेल्या कोळंबीचा गाभा चक्क कच्चा असतो. तासन्‌तास ठेवली तर ती चामट होते. म्हणूनच कोळंबी तळायची असेल, तर लिंबू लावून फार वेळ ठेवू नये.

पांढरेपणा, गुलाबीपणा, घट्टपणा या खुणा प्रथिनांच्या आहेत. जंतूंचं काय झालं, ते त्यांवरून कळत नाही. 1991 मध्ये पेरूत कॉलऱ्याची साथ आली, वर्षभरात तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले आणि सेविचे बदनाम झालं. मासेमारीचा धंदा बसायला लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी यांनी कॅमेऱ्यासमोर सेविचे खाऊन दाखवलं. राजकीय नाटक म्हणून ते सोडून देऊ, पण कॉलऱ्याचा जंतू आम्लाला फार हळवा असतो, लिंबाच्या रसात तो काही मिनिटांत मरतो. साथ पसरवण्यात मोठा वाटा होता तो दूषित पाण्याचा.

पण एका जंतूवरून सगळ्यांना अभय देणं धोक्याचं. साल्मोनेला आम्लात बराच तग धरतो. माशांतली अ‍ॅनिसॅकिस ही कृमी लिंबाला दाद देत नाही. ती मारायला उणे 20 अंशांवर सात दिवस गोठवावं लागतं. नोरोव्हायरस आणि हिपॅटायटिस-एचे विषाणू तर आपल्या जठरातलं आम्ल पार करून जातात, आणि गोठवण्यानेही मरत नाहीत. कालवं, तिसऱ्या, शिंपल्या यांचा प्रश्न इथेच येतो: पाणी गाळून त्यातलं अन्न टिपणं हीच त्यांची जगण्याची रीत, त्यामुळे सांडपाण्यातले विषाणू त्यांच्या अंगात साठतात. 1988 मध्ये शांघायमध्ये कच्च्या आणि अर्ध्याकच्च्या शिंपल्यांमुळे जवळपास तीन लाख लोकांना हिपॅटायटिस-ए झाला. तिथे तर त्या उकळत्या पाण्यात बुचकळून काढायची पद्धत होती, तरी ती उष्णता पुरली नाही. मग लिंबाची काय कथा? अशा विषाणूंसाठी शिंपल्याच्या आतलं मांस 90 अंशांवर दीड मिनिट तापायला हवं.

इक्वाडोरमध्ये कोळंबीच्या सेविचेसाठी कोळंबी सहसा आधी उकळून घेतात. मग लिंबू, संत्र्याचा रस, टोमॅटो, कांदा. चव तीच आंबट, आणि विषाणूंचं काम आचेने आधीच उरकलेलं. त्याच देशात खारफुटीतल्या काळ्या शिंपल्यांचं सेविचे मात्र कच्च्या मांसाचंच करतात.