हातातली प्रत आली कुठून: मराठी बायबलच्या अभ्यासामागचा इतिहास

चार माणसे बायबल वाचायला एकत्र बसली की पहिल्या अर्ध्या तासातच खोळंबा होतो. एकाच्या प्रतीत ६६ पुस्तके असतात, दुसऱ्याच्या ७३. एकाकडे मत्तयाच्या १७ व्या अध्यायात २१ वे वचन सापडते, दुसऱ्याकडे २० नंतर एकदम २२. नवखा माणूस छापखान्याला दोष देऊन मोकळा होतो. पुण्यात हे जरा जास्तच घडते, कारण क्वार्टर गेटजवळचे कॅथलिक सिटी चर्च, गुरुवार पेठेतले पंचहौदाचे पवित्र नाम देवालय आणि उपनगरांतल्या नव्या ख्रिस्ती मंडळ्या यांच्याकडची पुस्तके वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत. त्या वाटा ठाऊक असल्या की अभ्यासाची सुरुवात पुष्कळ सोपी होते.

आधी प्रोटेस्टंटांच्या ६६ आणि कॅथलिकांच्या ७३ पुस्तकांचा हिशेब. नवा करार दोघांकडे सारखाच, २७ पुस्तकांचा, मूळ ग्रीकमधला. फरक आहे तो जुन्या करारात. हिब्रू शास्त्रातली पुस्तके प्रोटेस्टंट मोजणीने ३९ होतात. इजिप्तमधल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून त्यांचे ग्रीक भाषांतर सुरू केले. पुढे त्या ग्रीक संग्रहात तोबीत, यहूदीथ, मक्काबी अशी आणखी काही पुस्तके आली. त्यांतली सात कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत शास्त्र म्हणून कायम धरली. प्रोटेस्टंटांनी ती बाजूला ठेवली, तरी बरीच वर्षे ती त्यांच्याही बायबलमध्ये दोन करारांच्या मध्ये छापली जात. ती पुरती गळाली ती एका खर्चाच्या वादातून. १८०४ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने १८२६ मध्ये या पुस्तकांवर पैसा खर्च न करण्याचे ठरवले. मराठी बायबलच्या छपाईला मोठा आधार याच सोसायटीचा. त्यामुळे मराठी प्रोटेस्टंट घरात तोबीत हे नावही सहसा कानावर येत नाही.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन या इंग्रज धर्मपंडिताने पाडले. नव्या करारातली वचने १५५१ मध्ये रोबेर एत्येन या मुद्रकाने घातली. सोय मोठी झाली, पण काही तुकडे भलत्याच ठिकाणी तुटले. सृष्टीच्या निर्मितीचा पहिला वृत्तांत उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात संपत नाही; सातव्या दिवसाचा विसावा २:३ पर्यंत जातो. यशयातले दुःख सोसणाऱ्या सेवकाचे काव्य ५२:१३ ला सुरू होते, पण वाचणारे ५३:१ पासून वाचतात आणि त्याची पहिली तीन वचने वाया जातात. करिंथकरांस पहिल्या पत्रातले ११:१ हे खरे तर दहाव्या अध्यायाचे शेवटचे वाक्य आहे. म्हणून अध्याय संपला तरी पुढची पाच-सहा वचने वाचून पाहावीत आणि मगच थांबावे.

आता मराठीकडे. जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने ‘क्रिस्तपुराण’ लिहिले ते गोव्यात, आणि १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ बायबलची कथा सांगतो, पण ते भाषांतर नव्हे. नवशिक्याने ते अभ्यासाचे पुस्तक म्हणून घेऊ नये. मराठीच्या गोडीसाठी मात्र जरूर वाचावे. बायबलचे मराठी भाषांतर पुण्या-मुंबईपासून दूर, बंगालात श्रीरामपूरला सुरू झाले. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याच्या तिथल्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत) आणि १८११ मध्ये नवा करार निघाला. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचे त्यावर समाधान झाले नाही. त्यांनी नव्याने काम हाती घेतले. त्यांच्या खटपटीतून १८२६ मध्ये मुंबईचा नवा करार छापून झाला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आले.

पुढची अनेक दशके दुरुस्त्यांची आहेत. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) हे नाव इथे महत्त्वाचे. काही वर्षे ते पुण्यात पाळक (मंडळीचे धर्मोपदेशक) होते, आणि मराठी बायबलच्या सुधारणेत त्यांचा हात होता. परक्यांनी पंडितांच्या मदतीने केलेल्या मराठीला मराठी लेखकाची नजर मिळाली ती अशा माणसांमुळे. तरीही जुन्या सुधारित आवृत्तीची वाक्ये आज लांब वाटतात. ती वाईट आहेत म्हणून नव्हे. मूळ हिब्रू-ग्रीक वाक्यरचनेला जवळ राहण्याचा तो हट्ट आहे. अभ्यासाला तीच आवृत्ती बरी, आणि सलग वाचायला नंतरची सोप्या मराठीतली. दोन्ही शेजारी ठेवाव्यात. एकच घ्यायची झाली तर ज्या मंडळीत जाता तिथे मोठ्याने वाचली जाते ती घ्या, नाहीतर प्रत्येक वेळी जुळवाजुळवीतच वेळ जातो.

पुणे जिल्ह्याच्या नावावर मात्र एक अख्खे भाषांतर आहे, आणि ते एकटीचे आहे. पंडिता रमाबाईंनी विधवांसाठीचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आणले, आणि पुढे पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला मुक्ती सदन उभे केले. तिथल्या बायका खेड्यापाड्यांतल्या, बऱ्याचशा दुष्काळात आलेल्या. त्यांना रूढ बायबलची संस्कृतप्रचुर भाषा जड जाई. रमाबाई संस्कृतच्या पंडिता, तरी त्यांनी ती भाषा बाजूला सारली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून सगळे बायबल साध्या मराठीत आणायला त्या बसल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्ती सदनातल्याच बायकांनी केले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. हे भाषांतर मंडळ्यांमध्ये रुळले नाही, ही मराठीची हानीच म्हणायची.

रमाबाईंच्या पुण्यात बायबलच्या आवारात पाऊल टाकणेही सोपे नव्हते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली. चहा प्याला की नाही, यावरच शहर कितीतरी दिवस भांडले!

कॅथलिक घरांतला इतिहास वेगळा. तिथे शास्त्र ऐकायचे ते मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, तेही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आणली आणि सामान्य भाविकांनीही बायबल वाचावे असा आग्रह धरला. १९६९ मध्ये तीन वर्षांचे वाचनचक्र आले: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. नवे वर्ष जानेवारीत नाही, नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी लागते. कॅथलिक नवशिक्याने त्या वर्षाचे शुभवर्तमान घरी वाचायला घेतले की रविवारचे वाचन आपोआप उजळणी होते.

गळालेल्या वचनांचे कारणही इतिहासातच आहे. सुरुवातीची भाषांतरे ज्या ग्रीक पाठावर आधारली होती, तो १५१६ मध्ये इरॅस्मस या डच पंडिताने छापलेल्या, बऱ्याच उशिराच्या हस्तलिखितांवर उभ्या असलेल्या पाठातून आला होता. एकोणिसाव्या शतकात चौथ्या शतकातली हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली आणि काही वचने त्यांत नाहीत असे दिसले. मग नव्या आवृत्त्यांनी ती कंसात किंवा तळटीपेत घातली, आकडे मात्र जुनेच ठेवले. मत्तय १७:२१ आणि प्रेषितांची कृत्ये ८:३७ ही ठळक उदाहरणे. मार्क १६:९–२० आणि योहान ७:५३–८:११ यांच्याभोवतीचे कंसही याच कारणाने. त्यावरून घाबरायचे नाही आणि भांडायचेही नाही. तळटीप वाचून पुढे जायचे.

वाचन कुठून सुरू करावे? एकूण अध्याय ११८९, म्हणून रोज तीन आणि रविवारी पाच असा बेत १ जानेवारीला पुष्कळजण करतात. उत्पत्तीचे ५० अध्याय भराभर जातात. निर्गमाच्या विसाव्या अध्यायापर्यंतही दम टिकतो. २५ पासून निवासमंडपाची (देवाच्या उपासनेच्या तंबूची) मापे सुरू होतात, ३५ ते ४० मध्ये तीच मापे पुन्हा येतात, आणि लेवीयच्या यज्ञविधींत पुस्तक मिटते. त्यापेक्षा मार्क घ्यावा. १६ अध्याय, दीडेक तासात एका बैठकीत होतो. मग लूक (२४) आणि प्रेषितांची कृत्ये (२८) सलग, कारण ते एकाच लेखकाचे दोन भाग आहेत आणि दोन्ही थियफील या एकाच माणसाला उद्देशून आहेत. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गमाचे पहिले २० अध्याय, सोबत रोज एक स्तोत्र.

अभ्यास म्हणजे काय ते मार्क ४ वर करून पाहावे. ३ ते ९ मध्ये पेरणाऱ्याचा दाखला (बोधकथा), १० ते १२ मध्ये शिष्यांशी बोलणे, १३ ते २० मध्ये उलगडा. पहिल्या वाचनात फक्त ३ ते ९ वाचावे आणि उलगड्यावर हात ठेवावा. पाभरीने किंवा तिफणीने पेरणी पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला प्रश्न पडतो की शेतकऱ्याने बी वाटेवर टाकलेच कसे. तिथे बी हाताने फोकून पेरत, म्हणून ते वाटेवर, खडकाळीवर, काटेऱ्यांत जाते. मग मत्तय १३ आणि लूक ८ शेजारी उघडावे. पीक मार्कात तीस, साठ, शंभर पट असे चढत जाते. मत्तयात शंभरावरून उतरते. लूक फक्त शंभरपट म्हणतो. मार्क ४:२६–२९ मधला आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला तर दुसऱ्या कोणाकडेच नाही. हे फरक वहीत तीन रकाने आखून लिहावेत. त्यांचा अर्थ लावण्याची घाई पहिल्या महिन्यात करू नये.

पौल या प्रेषिताची पत्रे शेवटी ठेवावीत. ती काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत: आधी मंडळ्यांना लिहिलेली, मग व्यक्तींना, आणि दोन्ही गटांत ढोबळमानाने लांबीप्रमाणे. म्हणून १६ अध्यायांचे रोमकरांस पत्र पुढे येते आणि २५ वचनांचे फिलेमोन शेवटी पडते. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र हे सर्वांत जुन्यांपैकी, साधारण इसवी सन ५० चे. सुरुवात तिथून करावी. शिवाय ही पत्रे म्हणजे संभाषणाची एकच बाजू. करिंथकरांस पहिल्या पत्रात ७:१ ला पौल त्यांनी लिहिलेल्या गोष्टींना उत्तर देऊ लागतो, पण त्यांचे पत्र आपल्याकडे नाही. तिथे समासात एकच प्रश्न लिहावा: त्यांनी काय विचारले असेल? पुढच्या अध्यायांतले विवाह, मूर्तींपुढचे नैवेद्य, आत्मिक दाने हे विषय त्या प्रश्नाखाली एकेक करून लागत जातात.