गुडघ्याच्या अस्थिबंधांची हस्तपरीक्षा

गुडघ्यातील कोणता अस्थिबंध ताणला किंवा तुटला आहे, हे केवळ हातांनी सांधा हलवून ओळखण्याच्या पद्धतींना एकत्रितपणे अस्थिबंधांची हस्तपरीक्षा म्हणतात. अस्थिबंधाला बोलताना बहुतेक जण लिगामेंटच म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणारा एसीएल, ते मागे जाऊ न देणारा पीसीएल आणि आतल्या व बाहेरच्या बाजूचे दोन बंध असे चार मुख्य अस्थिबंध गुडघा बांधून ठेवतात. बंध ज्या दिशेची हालचाल अडवतो, त्याच दिशेने हाड ढकलून अडवणूक शिल्लक आहे की नाही ते पाहायचे, हे सर्व चाचण्यांमागील तत्त्व होय. माणसामाणसांत सांध्याची मूळची सैलता वेगळी असल्याने आधी धडधाकट गुडघा तपासतात.

एसीएलसाठी सर्वांत विश्वासार्ह मानली जाते ती लॅकमन चाचणी. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठाचे जॉन लॅकमन यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी 1976 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. मात्र जवळपास अशाच तपासणीचा उल्लेख जॉर्ज नूलिस यांच्या 1875 च्या पॅरिसमधील प्रबंधात आढळतो. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा 20 ते 30 अंश वाकवतात, एका हाताने मांडीचे हाड घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगीचे हाड पुढे ओढतात. हाड किती मिलिमीटर सरकले यापेक्षा ते कसे थांबले, हे अधिक बोलके असते: शाबूत बंध ताणलेल्या दोरीसारखा एकदम अडवतो, तर तुटलेल्या बंधाच्या गुडघ्यात हाड मऊपणे पुढे येत राहते आणि शेवट नेमका कुठे आला ते हाताला कळत नाही. तपासणाऱ्याचा हात लहान आणि रुग्णाची मांडी जाड असेल, तर ही पकड जमत नाही. अशा वेळी मांडीखाली तपासणाऱ्याने स्वतःचा गुडघा टेकू म्हणून ठेवणे सोयीचे पडते.

जुनी आणि पुष्कळांना पाठ असलेली चाचणी म्हणजे गुडघा 90 अंशांत वाकवून, पाऊल स्थिर करून नडगी पुढे ओढण्याची, टेबलाचा खण ओढावा तशी. ताज्या दुखापतीत मात्र ती फसवते. सांध्यात रक्त साठल्याने गुडघा इतका वाकतच नाही, मांडीच्या मागचे स्नायू वेदनेने आवळून नडगीला मागे धरून ठेवतात आणि आतल्या बाजूच्या मेनिस्कसची, म्हणजे कूर्चेच्या चकतीची, मागची कड दाराखाली ठोकलेल्या पाचरीसारखी हाड अडवते. याउलट सापळाही आहे. पीसीएल तुटला असेल, तर नडगी आधीच मागे झुकलेली असते. ती ओढून केवळ मूळ जागी आली तरी एसीएल तुटल्याचा भास होतो. म्हणून ओढण्याआधी दोन्ही गुडघे वाकवून बाजूने पाहावे लागते. निरोगी गुडघ्यात नडगीची वरची कड मांडीच्या हाडापेक्षा साधारण 1 सेंटिमीटर पुढे असते. ही पायरी बोटाला लागली नाही, तर पीसीएलचा संशय घ्यावा.

‘पळताना वळलो की गुडघा निसटतो’ ही कबड्डी किंवा फुटबॉल खेळणाऱ्यांची तक्रार प्रत्यक्ष घडवून दाखवते ती पिव्हट शिफ्ट चाचणी. कॅनडातील गॅलवे आणि मॅकिंटॉश यांनी 1972 मध्ये ती मांडली. सरळ पाय आतल्या दिशेने फिरवून, बाहेरून आत दाब देत गुडघा वाकवला की सुमारे 30 अंशांवर पुढे निसटलेले हाड झटक्याने मागे बसते. हा झटका मिळाला तर निदान जवळपास पक्के; न मिळाल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण जागा असलेला, घाबरलेला रुग्ण स्नायू आवळून धरतो. भूल दिल्यावर हीच चाचणी पुष्कळ अधिक वेळा होकारार्थी येते.

बाजूचे बंध तपासण्यासाठी पाय आडवा वाकवण्याचा प्रयत्न करतात, आधी 30 अंशांत आणि मग गुडघा पूर्ण सरळ ठेवून. केवळ 30 अंशांत फट उघडली, तर दुखापत बहुधा त्या बाजूच्या बंधापुरती असते. सरळ पायातही फट उघडत असेल, तर मागचे आवरण आणि सांध्याच्या मधल्या बंधांपैकीही (एसीएल, पीसीएल) काही गेलेले असण्याची शक्यता दाट असते. अशा गुडघ्यात सांधा निखळून आपोआप परत बसलेला असू शकतो आणि गुडघ्यामागील रोहिणीला इजा झालेली असू शकते. म्हणून पुढची कोणतीही चाचणी करण्याआधी पावलावरची नाडी लागते का ते तपासतात.