मामांचं २००८ आणि नशिबाचं गणित

आमचे एक मामा डिसेंबर २००७ ला रिटायर झाले आणि त्यांच्या समोरच्या टेबलावर बसणारे त्यांचे दोस्त त्याच्या चार वर्षं आधी, २००३ मध्ये. पोस्ट सारखी, पीएफ-ग्रॅच्युइटी थोडीफार सारखी, दोघांनीही त्यातला बराचसा पैसा म्युच्युअल फंडात टाकला आणि दर महिन्याला त्यातनंच घरखर्चाला काढायचं ठरवलं. दोस्तांना सेन्सेक्स मिळाला साडेतीन हजारांच्या आसपास, मामांना वीस हजारांवर, आणि पुढच्या एका वर्षात तो निम्म्याच्याही खाली आला. आजही घरात कुणी म्हणतं की दोस्त हुशार आणि मामांना पैशातलं काही कळत नाही, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण रिटायर व्हायचं वर्ष मामांनी निवडलं नव्हतं, जन्मतारखेने निवडलं होतं. शाल-श्रीफळ ज्या दिवशी मिळायचं त्या दिवशीच मिळतं.

अभ्यासक याला परताव्याच्या क्रमाची जोखीम म्हणतात. नाव अवघड आहे, गणित अगदी शाळेतलं आहे. समजा दोन जणांकडे प्रत्येकी १ कोटी आहेत आणि दोघंही दर वर्षाअखेरीला ६ लाख काढतात. पहिल्याला बाजार आधी २० टक्के पडलेला मिळतो, मग १० टक्के पडलेला, मग १५ टक्के वाढ आणि शेवटी २५ टक्के वाढ. दुसऱ्याला हेच चार आकडे, फक्त उलट्या क्रमाने. पैसे काढलेच नसते तर दोघांकडेही १ कोटी साडेतीन लाख झाले असते, कारण गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं. पण दरवर्षी ६ लाख काढले की चार वर्षांनी पहिल्याकडे उरतात साधारण ७३ लाख ६० हजार आणि दुसऱ्याकडे ८३ लाख ४० हजार. जवळपास १० लाखांचा फरक, आणि त्यात कुणाच्याही अकलेचा काही संबंध नाही.

असं होतं कशामुळे, तर खर्च थांबत नाही. महिन्याला ५० हजार लागतात, युनिटची, म्हणजे फंडातल्या एका हिश्श्याची, किंमत १०० असेल तर ५०० युनिट विकायची, ५० झाली की तेवढ्याच पैशासाठी १००० विकायची, आणि मग बाजार परत वर येतो तेव्हा ती विकलेली युनिट आपल्याकडे नसतातच. (नोकरीत असताना एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम टाकणं, चालू असते तेव्हा हेच उलटं होतं, सुरुवातीची मंदी फायद्याची ठरते.) अमेरिकेत विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तिथले जुने आकडे तपासून म्हटलं होतं की पहिल्या वर्षी ४ टक्के काढा, मग महागाईप्रमाणे वाढवत जा, ३० वर्षं पैसा पुरेल. तो आकडा ठरला कुणामुळे, तर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिटायर झालेल्या सगळ्यात कमनशिबी लोकांमुळे, ज्यांना पुढे मंदी आणि महागाई दोन्ही एकत्र भोगावी लागली. ते आकडे अमेरिकेचे आहेत, आपण जसेच्या तसे उचलू नयेत, पण विचार मला फार पटतो: वाईट वर्ष येणारच असं धरून चालायचं. दोन-तीन वर्षांचा खर्च एफडीत वेगळा असला की पडत्या बाजारात युनिट विकावी लागत नाहीत, बस्स एवढंच. मामांकडे तो नव्हता.

आता चांगल्या नशिबाची गोष्ट. शंभरातनं एकदाच जमणारी एखादी गोष्ट घ्या. एकदा करून बघितली तर शक्यता १ टक्का. १०० वेळा करून बघितली तर एकदा तरी जमायची शक्यता ६३ टक्के होते, २०० वेळा केली तर ८७ टक्के. अट एकच, प्रत्येक खेप खरोखर वेगळी हवी. रोज त्याच चार मित्रांसोबत त्याच कट्ट्यावर बसलो तर ती एकच खेप पुन्हा पुन्हा होते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी हे १९७३ मध्ये दाखवलं होतं. बोस्टनजवळच्या न्यूटनमधल्या नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं की ज्याच्याकडनं नोकरीची बातमी कळली तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा, आणि ओळखीतनं नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक म्हणाले की कधीतरी किंवा क्वचितच. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं, नवी खबर लांबच्या ओळखीतनं येते. आणि मला वाटतं रिटायरमेंटचा खरा फटका इथे बसतो. ऑफिस असताना लोकलचा ग्रुप, कँटीनवाला, दुसऱ्या मजल्यावरचा तो नुसता मान हलवणारा माणूस, या सगळ्या खेपा फुकट मिळत असतात आणि त्या एका संध्याकाळी एकदम बंद होतात.

ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी लोकांना पेपर देऊन त्यातले फोटो मोजायला सांगितले होते, आणि दुसऱ्याच पानावर मोठ्या अक्षरात छापलं होतं की मोजणं थांबवा, यात ४३ फोटो आहेत. स्वतःला नशीबवान समजणाऱ्यांना ते पटकन दिसायचं, कमनशिबी समजणारे बहुतेक मोजतच राहायचे. मोकळं मन असल्यामुळे नशीब उघडतं की नशीब चांगलं असल्यामुळे मन मोकळं राहतं, हे एका प्रयोगातनं ठरत नाही, पण काळजीत असताना नजर अरुंद होते हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय.

मामा त्या काळजीतही रोज वाचनालयात पेपर वाचायला जायचे. तिथे येणाऱ्या एका तोंडओळखीच्या गृहस्थांनी मार्च २००९ मध्ये सहज विचारलं, की आमच्या पतसंस्थेला हिशेब बघायला अर्धवेळ माणूस हवाय, तुम्ही येता का. मामा दुसऱ्या दिवशी गेले. पगार बेताचाच होता, पण घरखर्च भागायचा. तेव्हा सेन्सेक्स आठ हजारांच्या जवळ होता, वर्षअखेरीला सतरा हजारांच्या वर गेला, आणि त्या नऊ महिन्यांत मामांनी एकही युनिट विकलं नाही.