लोगोवर अडकलेला कॉम्प्युटर

लालबागला वहिनींच्या घरी शिकवणी चालते. मुलं सातला येतात, पण वहिनी पावणेसातलाच कॉम्प्युटर चालू करून ठेवायच्या, कारण कंपनीचा लोगो एकदा आला की तीन-तीन मिनिटं हलायचा नाही. दुरुस्तीवाल्याने आतली हार्ड डिस्क बदलायला सांगितली होती. "भाऊजी, पैसे घालायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा," म्हणून फोन आला.

टेबलाखाली वाकून पाहिलं. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, वेबकॅम आणि एका लांबलचक बारीक वायरीच्या टोकाला जुनी, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. कॉम्प्युटर चालू करून तिला कान लावला. आतली चकती घरघरायची, 'टक्' करून थांबायची, पुन्हा घरघरायची. वर लोगो तसाच.

लोगो नुसता असतो तेव्हा विंडोज अजून जागंच झालेलं नसतं. मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम काम करत असतो. जुन्या मशीनमध्ये तो बायोस, नव्यात यूईएफआय. लोगोखाली गोल फिरणारे ठिपके आले की कारभार विंडोजकडे गेला असं समजायचं. हा फरक नीट पाहून ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं.

टेबलाखालच्या अशा वस्तू कॉम्प्युटरला जोडायची पद्धत म्हणजे यूएसबी. ती १९९६ साली आली. बडोद्यात शिकलेल्या अजय भट्ट यांचा तिच्यात मोठा वाटा. जोडलेली वस्तू काय आहे हे माणसाने कॉम्प्युटरला सांगायला लागू नये, वस्तूनेच सांगावं, ही त्यामागची कल्पना. म्हणून लोगो दिसत असताना तो छोटा प्रोग्रॅम प्रत्येक वस्तूची आधी चौकशी करतो. गंमत अशी की नव्या वस्तूला स्वतःचा क्रमांक नसतो. प्रत्येक नवी वस्तू शून्य क्रमांकावरच उत्तर देते आणि ओळख पटली की तिला १ ते १२७ मधला एक क्रमांक मिळतो. दोघींनी एकदम शून्यावर बोलून चालत नाही, म्हणून एकेकीलाच पुढे घेतात. धडधाकट वस्तूचं काम सेकंदाच्या आत उरकतं. एखादी गप्प बसली, की प्रोग्रॅम मुदत संपेपर्यंत थांबतो, पुन्हा विचारतो, पुन्हा थांबतो.

वहिनींच्या डिस्कला बोलायची ताकदच मिळत नव्हती. यूएसबी २ चा पोर्ट, म्हणजे वायर खुपसायची जागा, ५०० मिलिअँपिअर करंट देतो, यूएसबी ३ चा ९००. थांबलेली चकती फिरवायला सुरुवातीला जास्त करंट लागतो आणि लांब, बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच पडतं. त्यात मुंबईची खारी, दमट हवा. पिनांवरचा सोन्याचा मुलामा झिजला की खालचा धातू काळवंडतो आणि जोड आणखी कच्चा होतो.

तुमच्याकडे असं होत असेल तर कीबोर्ड-माउस सोडून सगळं काढा आणि चालू करून बघा. फरक पडला तर एकेक वस्तू परत लावत जा. ठिपके आल्यानंतर वेळ जात असेल, तर मात्र शटडाउन नको, रीस्टार्ट करून तपासा. विंडोज ८ पासून शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवलेला असतो, त्यामुळे पुढची सुरुवात पूर्ण नसते. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटर कुठून सुरू करायचा त्या यादीत आतली डिस्क पहिल्या नंबरवर आहे ना, तेही बघावं.

डिस्क काढली आणि लोगो आला तसा गेला. मग आखूड, जाड वायरीने ती मागच्या पोर्टला जोडली. टकटक थांबली, फोल्डर उघडले. तरी थकलेल्या डिस्कवर माझा भरवसा नाही. त्या रात्री तिच्यातले मुंजीचे सगळे फोटो आतल्या डिस्कवर उतरवले, तेव्हा कुठे मी घरी गेलो.